बीजांची निद्रा आणि तिचा भंग
देशी वृक्षांची रोपे घरच्या घरी तयार करण्याविषयीचा पाठ

जून महिन्यात पाऊस सुरू झाला, की शेतात पेरलेले धान थोड्याच दिवसांत वर येते. परंतु त्याच दिवशी, त्याच मातीत पेरलेले बाहव्याचे बी महिनाभर जसेच्या तसे पडून राहते. ते उकरून पाहावे, तर ते कुजलेले नसते आणि फुगलेलेही नसते. पेरले तेव्हा होते तसेच गारगोटीसारखे कठीण असते. पुष्कळ लोक अशा वेळी बी खराब होते असे समजून ते टाकून देतात. याच्या उलट, कोणी सालवृक्षाची पंखयुक्त फळे हौसेने गोळा करून आणतो, डब्यात नीट झाकून ठेवतो आणि पुढल्या वर्षी पेरतो. तीही रुजत नाहीत. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच, की रोप मिळत नाही. परंतु कारणे अगदी परस्परविरुद्ध आहेत. पहिले बी झोपलेले होते, दुसरे मेलेले होते. हा भेद ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हातून जिवंत बी टाकले जाते आणि मेलेल्या बियाला पाणी घातले जाते. तो ओळखावा कसा आणि झोपलेल्या बियाला जागे करावे कसे, हे सांगणे हा या पाठाचा उद्देश आहे.

उदाहरणासाठी छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई या जोडशहरातील पद्मनाभपुर ही वसाहत घेतली आहे. शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील हा सपाट, धानाचा मुलूख होय. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. पुढे भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, इ. स. १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे वस्तीस आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. घरापुढील थोडीशी मोकळी जागा, गच्ची किंवा शाळेचे आवार एवढेच साधन येथील वाचकापाशी असावयाचे. आणि पुढे सांगितलेल्या प्रयोगांना तेवढे पुरेसे आहे.

रुजणे म्हणजे काय

बी म्हणजे एक लहानसे रोपच असते. बाहेर कवच, आत पहिले काही दिवस पुरेल इतकी शिदोरी, आणि तिच्याजवळ मूळ व कोंब यांचा आराखडा असलेला गर्भ, अशी त्याची रचना असते. पाणी, हवा आणि योग्य उष्णता मिळाली म्हणजे बी पाणी शोषून फुगते, आतील श्वसनाचा वेग वाढतो, साठविलेले अन्न विरघळून गर्भाकडे जाऊ लागते आणि अखेरीस मुळाचे टोक कवच भेदून बाहेर पडते. या क्रियेला बीजांकुरण म्हणतात.

पाणी, हवा आणि उष्णता या तिन्ही गोष्टी असूनही जिवंत बी रुजत नसेल, तर त्या स्थितीला सुप्तावस्था किंवा निद्रा असे म्हणतात. निद्रेची कारणे अनेक आहेत. लेनिनग्राड येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मारिआना निकोलाएव्हा यांनी या कारणांची शास्त्रशुद्ध वर्गवारी केली. अमेरिकेतील कॅरोल बास्किन व जेरी बास्किन या दांपत्याने ती वाढवून इ. स. २००४ मध्ये निद्रेचे पाच वर्ग मांडले. सामान्य वाचकाला त्यांतील दोन ओळखता आले तरी बहुतेक काम भागते. एका वर्गात कवच पाण्याला आत शिरूच देत नाही. दुसऱ्या वर्गात पाणी आत शिरते, परंतु गर्भच वाढावयास तयार नसतो. पहिल्या प्रकारात दार बंद असते. दुसऱ्यात दार उघडे असूनही घरधनी झोपलेला असतो.

निद्रा कशासाठी

ही निद्रा म्हणजे बियातील दोष नव्हे. जानेवारीत दुर्गच्या मैदानात कधीकधी मावठा पडतो. जमीन दोन-चार दिवस ओली होते. त्या ओलीवर विश्वासून बाहव्याचे बी रुजले असते, तर त्याचे कोवळे रोप मार्चपासून तापत जाणाऱ्या जमिनीत मे महिन्यापर्यंत करपून गेले असते. जे बी मावठ्याला फसत नाही, तेच पावसाळ्यापर्यंत टिकते. पिढ्यानपिढ्या असेच होत आल्यामुळे फसणारी बीजे मागे पडली आणि थांबणारी उरली. म्हणून प्रत्येक वनस्पतीच्या बियाची निद्रा तिच्या मूळ प्रदेशातील कठीण ऋतूशी जुळलेली असते. कोणत्या बियाला कोणता उपचार करावा, याचे उत्तर त्या झाडाच्या देशातील ऋतुचक्रात सापडते.

शेतातील पिकांची गोष्ट निराळी आहे. पेरल्याबरोबर सर्व दाणे एकदम उगवावेत अशी शेतकऱ्याची अपेक्षा असते आणि हजारो वर्षे त्याने तसेच बियाणे निवडून ठेवले आहे. तरीही धानाच्या काही जातींत कापणीनंतर काही आठवडे निद्रा आढळते. ती उपयोगीच ठरते, कारण कापणीच्या वेळी पाऊस आला तर लोंबीतच दाण्यांना मोड येत नाहीत. वनातील झाडांची अशी निवड कोणी केलेली नाही. त्यांचे बी एकदम उगवत नाही, थोडे थोडे उगवते. आणि त्यांच्या जगण्याच्या दृष्टीने तेच हिताचे असते.

थंडीने जागी होणारी बीजे

युरोप, उत्तर अमेरिका आणि आपल्याकडे हिमालय या प्रदेशांत कठीण ऋतू म्हणजे हिवाळा. तेथे शरद ऋतूत पडलेले बी लगेच उगवले, तर रोप बर्फाखाली मरेल. त्यामुळे सफरचंद, आडू, जर्दाळू, जंगली गुलाब इत्यादींच्या बिया ओल्या आणि थंड जमिनीत काही आठवडे काढल्याशिवाय रुजत नाहीत. जुन्या काळचे माळी एका पेटीत वाळूचा थर, त्यावर बियांचा थर, पुन्हा वाळूचा थर अशी रचना करून ती पेटी हिवाळाभर बाहेर ठेवीत. थरांच्या या रचनेवरून या क्रियेला स्तरण असे नाव पडले. आता थर लावण्याची गरज राहिलेली नाही. ओलसर वाळूत बिया मिसळून त्या शीतकपाटात ठेवल्या तरी तेच कार्य होते. याला शीत-स्तरण म्हणतात. त्यास सुमारे ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमान चांगले मानवते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली ही, की बी ओले असले पाहिजे. कोरडे बी थंडीत ठेवल्याने ते टिकते, पण जागे होत नाही. दुसरी ही, की पाणी गोठता कामा नये. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले ओले बी बहुधा मरते.

थंडीने बियाच्या आत नेमके काय घडते, याचा उलगडा विसाव्या शतकात होत गेला. इ. स. १९२६ मध्ये जपानमधील कुरोसावा यांनी भाताची रोपे अवाजवी उंच करणाऱ्या एका बुरशीच्या रोगाचा अभ्यास करताना असे दाखविले, की बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे ही वाढ होते. त्यातून जिबरेलिन या वाढीला चेतविणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला. पुढे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिका व ब्रिटन येथील संशोधकांना वाढीला आवर घालणारे अॅब्सिसिक आम्ल सापडले. झोपलेल्या बियात या आवर घालणाऱ्या द्रव्याचा जोर असतो. ओल्या थंडीत आठवड्यामागून आठवडे जातात, तसतसा त्याचा प्रभाव ओसरतो आणि जिबरेलिनचा वाढतो. अशा प्रकारे बी जणू थंडीचे दिवस मोजत असते. एका थंड रात्रीने त्याचे समाधान होत नाही. सबंध हिवाळा उलटल्याची खात्री त्याला हवी असते.

बाजारातील सफरचंद कापताना कधीकधी आत मोड आलेले बी दिसते. त्याचे कारण हेच होय. शीतगृहात महिनोन्महिने राहिलेल्या फळाच्या ओल्या गाभ्यात बियाचा हिवाळा पुरा झालेला असतो.

दुर्गच्या मैदानाचे ऋतुचक्र

परदेशी पुस्तकांत रोपे तयार करण्याची माहिती वाचून काही हौशी माणसे कोणतेही बी प्रथम शीतकपाटात ठेवतात. पद्मनाभपुर येथे जमविलेल्या देशी बियांना हा उपचार बहुतांशी निरुपयोगी आणि काहींना घातक ठरतो. याचे कारण हवामानात आहे. येथे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असल्या, तरी दुपारी चांगले ऊन तापते. आठवडेच्या आठवडे गारठलेली जमीन येथे कधीच नसते. येथील कठीण ऋतू म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि उघड्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहूनही कितीतरी अधिक तापतो. त्यानंतर वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे येथल्या बियाच्या वाट्याला येतात त्या गोष्टी अशा : दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा, वणव्याची धग, वाळवीचे आणि पशुपक्ष्यांच्या पोटातील रसांचे काम, आणि वळवाच्या सरींनी होणारे भिजणे व सुकणे. घरी करावयाचे उपचार म्हणजे याच गोष्टींची लहान प्रमाणावर केलेली नक्कल होय.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शेतीच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना धान्याचे बी सात रात्रींपर्यंत दवात भिजवावे व उन्हात वाळवावे, असे सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायातही बी दुधात भिजविणे, शेणात घोळणे, धुरी देणे असे उपचार दिले आहेत. त्यांतील प्रत्येक उपचार आजच्या कसोटीला उतरतोच असे नाही. परंतु भिजविणे आणि वाळविणे यांची आळीपाळी आजही वनखात्याच्या रोपवाटिकांत सागाच्या बियांसाठी केली जाते.

बंद दाराची बीजे : बाहवा, शिरीष, कमळ

बाहव्याची हातभर लांब, काळी, दंडगोल शेंग हिवाळ्यापासून झाडावर पिकलेली दिसते. आत पडद्यांच्या कप्प्यांत काळसर गोड गरात एकेक चपटे, तकतकीत बी असते. माकडे, कोल्हे, अस्वले हा गर खातात आणि बी त्यांच्या विष्ठेतून दूर जाऊन पडते. या बियाच्या कवचातील उभ्या पेशींचा थर इतका घट्ट असतो, की पाणी आत शिरत नाही. शिरीषाच्या बियाचेही असेच आहे.

यांच्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला उपाय घासण्याचा. बी चिमटीत धरून त्याची एक कड सँडपेपरवर किंवा सहाणेवर आतील फिका रंग दिसेपर्यंत घासावी. बियाच्या ज्या टोकाला नाळेचा ठिपका असतो, त्या टोकापाशी मूळ असते. ते टोक सोडून विरुद्ध बाजू घासावी. नंतर बी रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी ते फुगून जवळजवळ दुप्पट झालेले दिसते. दुसरा उपाय ऊन पाण्याचा. पाणी उकळून भांडे चुलीवरून खाली उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि पाणी निवेपर्यंत व पुढे एक दिवस तशाच राहू द्याव्यात. बिया चुलीवर उकळत ठेवू नयेत. त्याने गर्भ शिजतो. फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात आणि न फुगलेल्यांवर तोच उपचार पुन्हा करावा.

बंद कवच बियाला किती काळ जपू शकते, याचे उदाहरण गावच्या तलावातल्या कमळात सापडते. चीनच्या ईशान्य भागातील एका आटलेल्या सरोवराच्या तळात मिळालेले कमळाचे बी सुमारे १३०० वर्षांचे असल्याचे किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीवरून ठरले. आणि त्याचे कवच कापून ते पाण्यात ठेवल्यावर त्याला कोंब फुटला. जेन शेन-मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष इ. स. १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. छत्तीसगडच्या तलावांतील कमळाचे पक्व, काळे बीही एका टोकाशी कानशीने घासून पाण्यात ठेवले, तर काही दिवसांतच हिरवा कोंब दाखविते.

अठळीतील बीजे : साग, हिरडा, चारोळी, आवळा

काही झाडांचे बी अठळीच्या आत असते. येथे कवच दगडासारखे असते आणि शिवाय आतला गर्भही काही काळ आळसावलेला असतो.

सागाचे फळ वाटोळे, वरून बुरणुसासारख्या जाड सालीचे असते. आतल्या अठळीत चार कप्पे असतात, पण बहुधा एक-दोन बियाच भरलेल्या मिळतात. त्याच वर्षीच्या फळांपेक्षा एक उन्हाळा काढलेली फळे अधिक चांगली रुजतात. घरी करावयाचा उपचार असा : फळे गोणपाटाच्या पिशवीत भरून रात्रभर पाण्यात बुडवावीत, सकाळी काढून दिवसभर कडक उन्हात पसरावीत, आणि असे एक ते दोन आठवडे करावे. भिजण्याने अठळी फुगते, वाळण्याने आकसते आणि तिच्या फटी सैल होतात. फळातील अंकुरणाला रोखणारी काही द्रव्येही पाण्याबरोबर निघून जातात. एवढे करूनही शंभरांतील शंभर फळे रुजतील अशी अपेक्षा करू नये. सागाचे रुजणे अनियमित असते. म्हणून हवी असतील त्यापेक्षा कितीतरी अधिक फळे पेरावीत.

हिरड्याची फळे हिवाळ्यात पिकतात. गर काढून अठळी स्वच्छ धुवावी. तिचे रुंद टोक कातरीने किंवा करवतीने जपून थोडेसे कापावे आणि अठळी सुमारे दीड दिवस थंड पाण्यात ठेवावी. न कापलेली अठळी महिनेच्या महिने ढिम्म राहते. आवळ्यासाठी कवच फोडण्याची गरज नसते. अठळ्या उन्हात ठेवल्या, की त्या आपोआप तडकतात आणि प्रत्येकीतून साधारणतः सहा लहान, तपकिरी बिया बाहेर पडतात.

चारोळीची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. छत्तीसगडमध्ये या झाडाला ‘चार’ म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत त्याची फळे पिकतात आणि त्यांतील अठळी फोडून काढलेले बी मिठाईसाठी दूरवर विकले जाते. फळांसाठी कोवळ्या फांद्या तोडल्या जातात, बहुतेक सर्व बी बाजारात जाते आणि वनात नवी रोपे फार थोडी उगवतात. म्हणून घरच्या रोपवाटिकेत चारोळीचे एक रोप तयार होणे, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. ताज्या फळांचा गर धुऊन काढावा, अठळ्या सावलीत सुकवाव्यात, एक दिवस पाण्यात ठेवाव्यात, आणि तिच्या कडेवरील शिरेवर हलका ठोका देऊन कवचाला फक्त चीर पाडावी. आतल्या दाण्याला इजा झाली, तर त्यास बुरशी लागते. चारोळीच्या बियात तेल फार असल्याने ते लवकर खवट होते. त्यामुळे पेरणी त्याच पावसाळ्यात उरकावी.

ज्यांना निद्राच नाही : साल, मोह, कडुनिंब

आता दुसरी बाजू पाहू. सालवृक्ष हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष असून त्याची वने राज्याच्या उत्तर व दक्षिण भागांत पसरली आहेत. त्याची पाच पंखांची फळे ऐन उन्हाळा संपता संपता, जूनच्या सुमारास, वाऱ्याबरोबर भिरभिरत खाली येतात. खालची जमीन ओली झालेली असावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. पाऊस वेळेवर आला, तर बी पडताच मूळ टाकते. पाऊस लांबला, तर आठवडा-दहा दिवसांत ते मरून जाते.

हे बी वाळवून ठेवता येत नाही. अशा बियांना शास्त्रज्ञ ‘हट्टी’ बीजे म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी इ. स. १९७३ मध्ये रूढ केली. रायपूर येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी इ. स. १९९४ मध्ये असे दाखविले, की सालाचे बी अंकुरणशक्ती गमावते तेव्हा त्यात प्राणवायूची विघातक रूपे वाढतात, पेशींच्या पटलांतील स्निग्ध द्रव्ये बिघडतात आणि पटले गळकी होतात. शीतकपाटही त्याला वाचवीत नाही. उष्ण प्रदेशातील अशा ओल्या बियांना थंडी बहुधा बाधतेच. सफरचंदाच्या बियाला जी थंडी जागे करते, तीच सालाच्या बियाला मारते.

मोहाचे तेलकट बी आणि कडुनिंबाची निंबोळी यांचेही आयुष्य अल्प असते. पिवळी झालेली निंबोळी गोळा करून तिचा गर धुवावा, ती सावलीत एक-दोन दिवस ठेवावी आणि दोन आठवड्यांच्या आत पेरावी. मोहाचे बी फळातून काढल्याबरोबर मातीत जावे. पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. त्यालाही विशेष उपचाराची गरज नसते. ताजे बी आडवे ठेवून पेरले, की पुरे.

पेरणीची रीत

बी झोपलेले आहे की मेलेले, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे काही बिया कापून पाहणे. दहा बिया उभ्या कापाव्यात. आतील भाग घट्ट, पांढरा किंवा फिकट असेल तर बी बहुधा जिवंत आहे. तपकिरी, सुरकुतलेला, पोकळ किंवा कुबट वासाचा असेल तर ते गेलेले आहे. बी पाण्यावर तरंगते की बुडते यावर सर्वस्वी भिस्त ठेवू नये, कारण काही झाडांचे चांगले बीही तरंगते.

दुर्गच्या परिसरातील काळी, चिकट माती, जिला तेथील शेतकरी ‘कन्हार’ म्हणतात, ती नुसती वापरू नये. ती पावसाने दाटते व उन्हाने भेगाळते. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. कुंडीला किंवा पिशवीला खाली भोके असावीत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरावे आणि माती ओलसर ठेवावी, पण चिखल होऊ देऊ नये. साग आणि हिरडा यांची पेरणी एप्रिल-मेमध्ये, बाहवा व शिरीष यांची मेच्या अखेरीस, आणि साल, मोह, कडुनिंब यांची फळे पडतील तेव्हाच करावी. कुंडीवर झाडाचे नाव, बी गोळा केल्याचे ठिकाण, पेरणीची तारीख व केलेला उपचार यांची चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसलेली कुंडी पुढल्या वर्षी काहीच शिकवीत नाही.

बी गोळा करतानाही मर्यादा पाळावी. एकाच झाडाखालचे सर्व बी उचलू नये. शक्य तो पाच-सहा झाडांखालून थोडे थोडे घ्यावे. त्यामुळे रोपांत विविधता राहते, पशुपक्ष्यांचे अन्न हिरावले जात नाही आणि वनाचा वाटा वनात राहतो. संरक्षित वनातून बी आणावयाचे असल्यास वनखात्याची अनुमती घ्यावी.

शाळेत करावयाचा प्रयोग

बाहव्याच्या एकाच झाडाच्या १०० बिया घ्याव्यात आणि त्यांचे २० बियांचे पाच गट करावेत. पहिल्या गटावर काहीही उपचार करू नये. दुसरा गट एक दिवस साध्या पाण्यात ठेवावा. तिसऱ्या गटावर वर सांगितल्याप्रमाणे ऊन पाण्याचा उपचार करावा. चौथा गट घासून रात्रभर भिजवावा. पाचवा गट ओलसर वाळूत मिसळून, डबीत घालून, सहा आठवडे शीतकपाटाच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. त्याची सुरुवात इतरांच्या आधी सहा आठवडे करावी, म्हणजे पाचही गट एकाच दिवशी पेरता येतील. पुढे ३० दिवस, रोज ठराविक वेळी, किती बिया उगवल्या ते वहीत लिहावे. एखाद्या गटातील २० पैकी १५ बिया उगवल्या, तर त्याचे अंकुरण शेकडा ७५ झाले.

याच्या जोडीला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या नव्या हंगामाच्या सफरचंदांतून ४० बिया काढून धुवाव्यात. त्यांतील २० लगेच पेराव्यात आणि २० ओलसर वाळूत शीतकपाटात सुमारे अडीच महिने ठेवून मग पेराव्यात. पंधरा दिवसांतून एकदा डबी उघडून वाळू ओली आहे आणि बुरशी आलेली नाही, हे पाहावे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, की एकाच थंडीचा दोन देशांच्या बियांवर होणारा निरनिराळा परिणाम विद्यार्थ्यांच्या नजरेत भरेल. सफरचंदाची ही रोपे पद्मनाभपुरच्या हवेत फळ देतील अशी आशा मात्र धरू नये. प्रौढ झाडाच्या कळ्यांनाही दर वर्षी थंडी लागते, आणि ती पुरविण्याचे साधन गच्चीवर नसते.

एखाद्या गटात अपेक्षेपेक्षा वेगळे फळ मिळाले, तर ते खोडून दुरुस्त करू नये. तसेच लिहून ठेवावे आणि पुढील वर्षी प्रयोग पुन्हा करावा. आपल्या गावच्या कोणत्या झाडाचे बी कोणत्या महिन्यात पिकते, किती दिवस जगते आणि कशाने जागे होते, याची अशी दहा वर्षांची वही एखाद्या शाळेपाशी असेल, तर तिचे मोल छापील पुस्तकापेक्षा कमी नाही. कारण तिच्यातील प्रत्येक आकडा तेथल्याच मातीतून उगवलेला असेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. निद्रिस्त बी आणि मृत बी यांतील फरक कसा ओळखाल?
२. मावठ्याच्या पावसात बाहव्याचे बी रुजत नाही, हे त्याच्या हिताचे कसे ठरते?
३. कोरडे बी शीतकपाटात ठेवणे आणि बियाचे शीत-स्तरण करणे यांत भेद कोणता?
४. सालाचे बी पुढील वर्षासाठी का साठविता येत नाही?
५. आपल्या परिसरातील तीन देशी झाडे निवडा. त्यांची फळे कोणत्या महिन्यात पिकतात ते पाहा आणि त्यावरून त्यांच्या बियांना कोणता उपचार लागेल, याचा तर्क करून तो प्रयोगाने पडताळून पाहा.